कंसातली इरावती

मुलुंड (पूर्व)
११ जून २०२५

प्रिय निहार,

आमची लॅब बंद होणार हे आता नक्की झालं. आज दुपारी मॅनेजर हितेशभाईंनी स्वतःच सांगितलं. इतके दिवस नुसती कुजबुज होती. कॅन्टीनवाल्याला मात्र आमच्याआधी कळलं असावं, कारण त्याने तेलाचे डबे कमी मागवायला कधीच सुरुवात केली होती. कारखाना वापीच्या पुढे हलतोय. मसाले तिकडेच दळणार आणि तिकडेच तपासणार. "पद्मजाबेन, तुम्ही आलात तर राहायची सोय करू," म्हणाले. मी हसले, तेही हसले. जुलैअखेर शेवटचा दिवस.

तुझे काका म्हणतात, पुरे झालं, एक्कावन्नाव्या वर्षी कुणाला काय दाखवायचंय? आमचा अनयही आता कमवायला लागलाय. त्यांचं काही चुकत नाही. पण निवृत्त व्हायचं तर मला ते माझ्या मनाने व्हायचंय. एखाद्या सकाळी उठून "आता बास" असं मी म्हणायचं. दुसऱ्या कुणी मला निवृत्त करून टाकायला नकोय. हे तुझ्या आईला सांगितलं तर ती म्हणेल, इरा लहानपणापासून हट्टीच. म्हणून तुला लिहितेय. फोनवर तुझ्यामागे सारखं कुणीतरी हाका मारत असतं.

अंधेरीला एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत वरिष्ठ विश्लेषकाची जागा निघालीय. तेल, मसाले, पाणी सगळं तपासतात. म्हणजे माझंच काम. जाहिरात सोबत जोडलीय, माझा बायोडेटाही. तू भरतीच्या धंद्यात आहेस, तेव्हा एकदा नजर टाक. चुका काढ, पण हसू नकोस.

तुझी
इरा मावशी


बंगळुरू
१३ जून

प्रिय इरा मावशी,

सॉरी, हसलो. फोटो, जन्मतारीख, पतीचे नाव, छंद: रांगोळी व भक्तिगीते. अगं, हे नोकरीसाठी आहे की स्थळासाठी?

लॅबचं वाचून वाईट वाटलं. पण जागा झकास आहे आणि तू तिथे फिट्ट बसतेस. प्रश्न एवढाच आहे की तू फिट्ट बसतेस हे आधी मशीनला कळायला पाहिजे.

नीट ऐक. तू अर्ज पाठवलास की तो माणूस वाचत नाही. आधी सॉफ्टवेअर वाचतं. जाहिरातीतले शब्द तुझ्या कागदावर आहेत का ते बघतं, मार्क देतं आणि सगळ्यांची रांग लावतं. अंधेरीच्या नोकरीला पाचेकशे अर्ज तर येतातच. माणूस फार तर वरचे पंचवीस-तीस उघडतो. बाकीच्यांना "आपल्या रसाबद्दल आभारी आहोत" छापाचा मेल आपोआप जातो. हे मी रोज बघतो गं, आमची अख्खी कंपनी त्यावरच चालते.

तुझ्या बायोडेटात तक्ते आहेत. मशीनला तक्ते वाचताना चक्कर येते. "मसाल्यांचे नमुने तपासले" असं तू लिहिलंयस आणि जाहिरातीत "क्वालिटी अश्युरन्स प्रोटोकॉल्स" आहे. तुला आणि मला माहितीये की दोन्ही एकच. मशीनला नाही. म्हणून मी त्यांचीच वाक्यं तुझ्या कामाला लावलीत. खोटं एकही नाही, फक्त भाषा त्यांची.

मुख्य बदल दोन. एक, दळवी लॅब काढली. १९९६ दिसलं की समोरचा बोटांवर वय मोजतो. शिवाय ती लॅब काढली की तू घरी होतीस ती मधली वर्षंही आपोआप गायब. पदवीचं सालही उडवलंय. दुसरा बदल नावाचा. "पद्मजा सामंत" आणि पुढे कंसात "इरावती प्रधान", हे चालणार नाही. गंमत म्हणून आमच्या सिस्टिमवर टाकून बघितलं. तिला वाटलं तुझं आडनाव इरावती आहे आणि तू प्रधान नावाच्या कंपनीत नोकरीला आहेस.

नवीन फाइल जोडलीय. बघ आणि "हो" म्हण, मी इथूनच अर्ज भरतो.

निहार


मुलुंड
१६ जून

प्रिय निहार,

फाइल वाचली. पुन्हा वाचली. बाई कर्तबगार आहे, पण ही कोण ते मला कळेना.

"गुणवत्ताकेंद्री संस्कृती रुजवण्यासाठी क्रॉस-फंक्शनल टीम्सशी परिणामाभिमुख समन्वय." म्हणजे काय रे? आमच्या गोदामातला खंडू हळदीची पोती उघडायला कटकट करायचा, मी त्याला चहा पाजून नमुने काढून घ्यायचे. तोच का हा समन्वय?

भाषेचं जाऊ दे, ते तुला जास्त कळतं. पण दळवी लॅब काढलीस ते जिवाला लागलं. मी जे काही शिकले ते त्या दोन खोल्यांत. दळवी सरांचा एकच नियम होता: "दिसलं ते लिहा. हवं ते लिहू नका." काटा अर्ध्या रेघेवर थांबला तर अर्धी रेघच लिहायची, उत्तर सोयीचं यावं म्हणून पुढे ढकलायची नाही. एकदा मृणालिनीने एका तेलवाल्याचा आकडा नुसता गोल केला, तर सरांनी तिला अख्खी तपासणी पुन्हा करायला लावली. माझ्या टेबलाशेजारी तिचं टेबल होतं. मी तिच्यासाठी थांबले आणि आम्ही दोघींनी मिळून सरांना यथेच्छ शिव्या दिल्या. नंतर ती लग्न होऊन सौदीत दमामला गेली, तिथून कुठे गेली कोण जाणे.

आणि कंस. तो मी हौसेने ठेवलेला नाही. पदवीवर इरावती प्रधान आहे, आधारवर पद्मजा सामंत. तुला आठवणार नाही, तू तेव्हा नुकता चालायला लागला होतास. लग्नात तांदळाच्या ताटात तुझ्या काकांनी अंगठीने नवं नाव लिहिलं. गुरुजींनी "प" अक्षर काढलं होतं, सासूबाईंनी पद्मजा ठरवलं. लिहून झाल्यावर काकांनी वर बघितलं, चालेल ना अशा नजरेने. सगळा हॉल बघत होता. मी मान हलवली. माहेरी तुम्ही इरा म्हणता. दळवी लॅबमध्ये पगाराच्या कागदावरही शेवटपर्यंत तेच नाव राहिलं. बाकी सगळीकडे मी पद्मजा. दोघी एकच आहेत हे सांगणारी जागा म्हणजे तो कंस.

राहू दे ना तेवढा.

इरा मावशी


बंगळुरू
१७ जून

मावशी,

तुझं पटतं गं. पण हे तुझं चरित्र नाही, दरवाजाची चावी आहे. आत गेलीस की काय सांगायचं ते सांग: खंडूचा चहा, दळवी सर, तांदळाचं ताट, सगळं. नावाचा पुरावा नोकरीवर रुजू होताना मागतात, आत्ता नाही. आत्ता कंस ठेवला तर तू रांगेत शंभरावर. कंस काढला, त्यांची वाक्यं ठेवली तर आमच्या सिस्टिमवर, आणि तेही हीच वापरतात, चौऱ्याण्णव टक्के येतायत. चौऱ्याण्णव, मावशी! मला स्वतःच्या रेझ्युमेला एवढे मिळाले नव्हते.

शुक्रवारी अर्जाची मुदत संपते. तू सांगशील तसं करतो. पण कंस ठेवून अर्ज टाकायचा तर टाकूच नये असं माझं मत आहे.

निहार


मुलुंड
१८ जून

प्रिय निहार,

काढ. तसंही तुम्ही सोडून त्या नावाने आता मला कोण हाक मारतं?

इरा मावशी


मुलुंड
२१ जुलै

प्रिय निहार,

आज त्यांचा मेल आला. "आपल्या रसाबद्दल आभारी आहोत." तू म्हणालास तसाच, शब्दनशब्द. खाली लिहिलंय, या मेलला उत्तर पाठवू नये.

लॅबमध्ये बांधाबांध चाललीय. काचसामान वर्तमानपत्रात गुंडाळायचं काम माझ्याकडे आहे. तुला म्हणून सांगते, मी मनाने अंधेरीला पोचले होते. घाटकोपरपर्यंत गाडी, पुढे मेट्रो, मग रिक्षा मिळाली तर मिळाली, असं सगळं ठरवून झालं होतं. एका रविवारी काकांना न सांगता त्या इमारतीच्या फाटकापर्यंत जाऊनही आले. रखवालदाराने विचारलं, "किससे मिलना है?" मी म्हटलं, किसी से नहीं.

तुझ्या मेहनतीचं वाईट वाटतं.

इरा मावशी


बंगळुरू
२२ जुलै

मावशी,

यार, शक्यच नाही. चौऱ्याण्णव टक्क्यांना मेलवर नाही म्हणत नाहीत. माझी खात्री आहे, वय. मुलुंडच्या लॅबची सोळा वर्षं आपण ठेवली ना, त्यावरून कुणीतरी हिशोब केला असणार. चूक माझी, दहाच दाखवायला हवी होती. पुढच्या अर्जात अजून छाटतो. आईला सांगू नकोस, ती मला फाडून खाईल.

तू खचू नकोस. अजून दोन जागा बघून ठेवल्यात.

निहार


मुलुंड
२४ नोव्हेंबर

प्रिय निहार,

चार महिन्यांत तू तीन मेल पाठवलेस आणि मी एकालाही धड उत्तर दिलं नाही. रागावले नव्हते. आता अजून छाटलं तर उरेल काय, अशी भीती वाटायची. सध्या सोसायटीतल्या दोन मुलींना रसायनशास्त्र शिकवते. मुली बऱ्या आहेत, पण त्यांचा एक डोळा माझ्याकडे आणि एक मोबाइलकडे.

आज लिहायचं कारण वेगळं. परवा शनिवारी घाटकोपरला दळवी सरांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. सरांच्या सुनेने, श्वेताने, जुन्या डायरीतून नंबर शोधशोधून आम्हाला बोलावलं. माझ्या नावापुढचा नंबर लागला तो तुझ्या आजीच्या घरी. तिथून मामाने माझा दिला. सर आता नीट ऐकू शकत नाहीत, पण मला बघताच म्हणाले, "प्रधान, काटा कुठे थांबला?" पंचवीस-तीस वर्षांनी!

आणि तिथे मृणालिनी भेटली. मागून "इरे!" अशी हाक आली, मी वळायच्या आत तिने मला मिठी मारली. केस पांढरे झालेत, चष्मा लावते, जीभ तशीच. दमाम, मग बडोदा, आणि गेल्या वर्षापासून अंधेरीला.

निहार, ती त्याच कंपनीत आहे. त्या लॅबची प्रमुख आहे. ती जागा तिनेच भरली.

म्हणाली, "जूनमध्ये मला माणूस हवा होता. त्या सॉफ्टवेअरवर माझा काडीचा विश्वास नाही, म्हणून मी त्यातच शोधायला बसले. दळवी लॅब टाकून बघितलं. मग इरावती प्रधान टाकलं. म्हटलं, इरा असली तर उद्याच बोलावते. मशीन म्हणालं, असं कुणी नाही. मला वाटलं, तू काम सोडून दिलंस, नाहीतर परदेशी गेलीस." माझ्या लग्नाची पत्रिका तिला मिळालीच नव्हती, त्यामुळे तिला माझं नवं नाव माहीत असायचं कारण नव्हतं. फेसबुकवरही इरावती प्रधान शोधून झाली होती तिची.

आपण काढली तीच दोन नावं तिने शोधली.

जागा ठाण्याच्या एका मुलाला गेली. चांगला आहे म्हणाली. मला तुझ्यावर राग नाही हे आधी सांगते. "काढ" मीच म्हणाले होते.

इरा मावशी


बंगळुरू
२५ नोव्हेंबर

इरा मावशी,

ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. वाट लागली. तू "राहू दे ना तेवढा" म्हणाली होतीस. तो मेल मी आज पुन्हा काढून वाचला. तुला जन्मभर इरा मावशी म्हणतोय आणि ते नाव मीच खोडलं. मला तेव्हा ते नाव वाटलंच नाही, सिस्टिमला अडणारी एक गोष्ट वाटली.

पण एक गोष्ट पटत नाही. पद्मजा सामंत तर त्या यादीत होती ना! आणि वरच असणार. नाव ओळखलं नाही ठीक आहे, पण एवढ्या मार्कांची बाई मृणालिनी मावशींनी मुलाखतीलासुद्धा का बोलावली नाही? एचआरवाल्यांनी वय बघून मधेच गाळली असणार. तू त्यांना सरळ विचार ना, तो सामंतांचा अर्ज माझाच होता, त्याचं काय झालं? निदान कळेल तरी. सांगितलंस का त्यांना?

निहार


बंगळुरू
२९ नोव्हेंबर

मावशी, उत्तर नाही. आई म्हणते तू बरी आहेस. मग मी काही चुकीचं विचारलं का?

निहार


मुलुंड
३० नोव्हेंबर

प्रिय निहार,

चुकीचं नाही विचारलंस. मी अर्धंच लिहिलं होतं, उरलेलं लिहायचं नाही असं ठरवून. तू अडचणीचं तेवढंच विचारलंस. आता ऐक.

आम्ही पंगतीतून उठून कोपऱ्यात आईस्क्रीम खात होतो. तिचं पुढे चालूच होतं. "मशीनने लावलेली रांग मी बघितली गं, नाही असं नाही. सगळ्यात वर कोण, तर कुणी एक सामंत. चौऱ्याण्णव टक्के. उघडला अर्ज, तर आमच्याच जाहिरातीची वाक्यं! पूर्णविरामासकट. आम्ही लिहिलं गुणवत्ताकेंद्री संस्कृती, बाई म्हणते मी रुजवली. आम्ही लिहिलं परिणामाभिमुख, बाई परिणामाभिमुख. स्वतःच्या हाताने काय केलं, एक ओळ नाही. शिकली कधी, पत्ता नाही. मला सर आठवले. म्हटलं, ही दिसलं ते लिहिणारी नाही, हवं ते लिहिणारी आहे. उद्या रिपोर्टही असाच लिहील. तिला मी सगळ्यात आधी काढली."

वर हसून म्हणाली, "सरांनी तिला पुन्हा तपासणी करायला लावली असती, मला लावली तशी."

माझ्या हातातलं आईस्क्रीम पातळ होऊन बोटांवर आलं. मीही हसले. निहार, मी हसले, आणि "काय बाई एकेक लोक" असं म्हणालेसुद्धा.

मग तिने विचारलं, "बरं, तू आता कोण? आडनाव काय तुझं?" नेमकी तेव्हाच श्वेता आली, म्हणाली, चला, सरांना ओवाळायचंय, जुन्या माणसांनी पुढे या. मी उठले. उत्तर द्यायला उसंत मिळाली नाही असं मी घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होते. उसंत होती. "सामंत" म्हणायला किती वेळ लागतो?

म्हणजे वयाने नाही गाळलं मला. मशीननेही नाही, त्याने तर पहिला नंबर दिला होता. मृणालिनीने मला काढलं, आणि जे तिने वाचलं ते वाचून मीही तेच केलं असतं. याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. तिने इराला शोधलं आणि पद्मजाला हाकललं, एकाच दुपारी, एकाच खुर्चीत बसून.

अजून एक आहे. जानेवारीत त्यांच्याकडे तेलाचा नवीन विभाग सुरू होतोय. निघताना तिने माझा हात धरून सांगितलं, "इरे, तो विभाग तू सांभाळ. बायोडेटा मशीनमध्ये टाकू नकोस, मला हातात दे." तिने माझा नंबर घेतला, "इरा" म्हणून ठेवला. आता रोज एक मेसेज येतो. कधी देतेस?

काय देऊ रे? तुझ्या काकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तेव्हा ताटात इरावतीच ठेवू का, असं तुला विचारायला हवं होतं." मी म्हटलं, तुम्ही विचारलं होतं, नजरेने. मान मीच हलवली. त्यावर ते उठून चहा ठेवायला गेले.

इरा मावशी


बंगळुरू
१ डिसेंबर

प्रिय इरा मावशी,

काल वाचलं. रात्र तशीच गेली. "खोटं एकही नाही, फक्त भाषा त्यांची," असं मी तुला लिहिलं होतं. मला वाटलं होतं भाषा बदलली तर माणूस तोच राहतो.

रडगाणं पुरे. एक कामाची गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुन्हा माझ्यामुळे तोंडघशी पडशील. मृणालिनी मावशींनी हातात घेतलेला कागदसुद्धा शेवटी सिस्टिममध्ये भरावाच लागतो. त्याशिवाय ऑफर लेटर निघत नाही. आणि तुझा फोन नंबर टाकल्याबरोबर शेजारी जुना अर्ज उघडतो. नाव, तारीख, मार्क आणि कुणी, का नाकारला तो शेरा. जूनचा तो अर्ज मी पुसू शकत नाही, खूप शोधलं. नवीन नंबर घेऊन टाकता येईल, पण ते तुला सुचवायची माझी हिंमत नाही.

म्हणजे त्यांना कळणारच. स्क्रीनवरून कळलं तर त्यांना वाटेल तू तेव्हाही फसवलंस आणि आताही. तुझ्याकडून कळलं तर काय वाटेल, मला माहीत नाही. त्या चिडतील का? नोकरी जाईलही. पण सल्ला द्यायचा माझा हक्क संपलाय, हे फक्त सिस्टिम कशी चालते ते सांगितलं.

माझं नाव सांग. भाच्याने लिहिला म्हणावं. खरंच आहे ते.

निहार

ता. क. तुझा मूळ बायोडेटा माझ्याकडे होता, तक्ते, रांगोळी, भक्तिगीते आणि कंसासकट. परत पाठवतोय. काहीही बदललेलं नाही. पुन्हा वाचताना हसू आलं नाही.


मुलुंड
४ डिसेंबर

प्रिय निहार,

मृणालिनी रविवारी जेवायला येतेय. आज सकाळी तिने फोन करून नक्की केलं. मीच बोलावलं. "कुणाचं घर म्हणून विचारू?" म्हणाली. मी म्हटलं, इमारतीचं नाव आणि चौथा मजला, जिन्याच्या डाव्या हाताचं दार, कुणाला विचारायला लागणार नाही.

तुझं नाव सांगणार नाही. वाक्यं तुझी असतील, अर्ज माझा होता. फाइल मी वाचली होती, ही बाई कोण असं मला वाटलंही होतं, आणि तरी शुक्रवारची मुदत चुकू नये म्हणून मी हो म्हटलं. तू आता स्वतःला फार बोल लावू नकोस. पुढे कुणा बाईच्या नावापुढे कंस दिसला तर तो का आहे एवढं तिला विचार, म्हणजे झालं.

बायोडेटा मिळाला. त्यातली रांगोळी मी काढली. भक्तिगीतं राहू दिली. दळवी लॅबच्या खाली एक ओळ घातलीय: "येथे मृणालिनी गुप्ते यांच्या शेजारच्या टेबलावर काम केले." मशीनला त्या ओळीचा काही उपयोग नाही. मग घरी होते ती वर्षं आहेत, "सासूबाईंचे आजारपण" असं सरळ लिहिलंय. शेवटी जूनमध्ये याच कंपनीत अर्ज केला होता आणि तो नाकारला गेला, हेही लिहिलं. आता कागदावर दिसतं ते सगळं आहे. हवं ते काही नाही, त्यामुळे तो तसा बराच लंगडा दिसतो. कागद जेवणाच्या टेबलावर ठेवणार आहे, पाण्याच्या तांब्याखाली.

हा विभाग मिळेल असं मी धरून चाललेले नाही. ती चिडली तर तिचं बरोबर आहे. तिने त्या बाईला ओळखलं नाही हे तिलाही लागेल, आणि तिला काही लागलं की ती आधी भांडते, हे मला माहीत आहे. एवढ्या वर्षांनी मैत्रीण मिळाली, तिच्यासमोर मी पंगतीच्या कोपऱ्यात स्वतःलाच हसले, हे मात्र कोणत्याही कागदावर बसत नाही. ते तोंडानेच सांगावं लागेल.

काकांनी सकाळी बाजारातून येताना विचारलं, दारावरची पाटी रविवारपुरती काढून ठेवू का? पितळी पाटी आहे आमची, तू पाहिलीयेस: नंदकुमार सामंत, खाली पद्मजा सामंत. मी म्हटलं, नको, पुसून ठेवा फक्त.

ती अकराला पोचेल. दमली असेल, चष्मा पुसेल, मग दाराकडे बघेल. बेल वाजली की मी लगेच उघडणार नाहीये. पाटी वाचून होईल एवढा वेळ तिला देणार आहे.

तुझी
इरा मावशी